मे महिन्यातली चैत्यभूमी

मे महिना लागला की शिवाजी पार्कच्या आठवणींचा हंगाम सुरू होतो. कुणी कट्ट्याचा फोटो टाकतं, कुणी आचरेकर सरांच्या नेट्सबद्दल लिहितं, कुणाला संध्याकाळच्या वाऱ्याला सुटलेला भेळेचा वास आठवतो. मला हे लेख आवडतात आणि मी ते शेवटपर्यंत वाचते. फक्त एक गोष्ट दर वेळी जाणवते. पार्कातून समुद्राकडे तोंड केलं की उजव्या हाताला माहीम येतं आणि डाव्या हाताला, पाच-सात मिनिटांच्या चालीवर, चैत्यभूमी. लेख उजवीकडे वळतात, किंवा समोर सूर्यास्त बघत उभे राहतात. डावीकडे जात नाहीत. चैत्यभूमी आलीच तर ६ डिसेंबरच्या गर्दीपुरती येते, आणि तीही रस्ते कसे बंद असायचे या संदर्भात.

माझ्या सुट्टीची चौपाटी डावीकडची होती, म्हणून हे लिहिते आहे.

मुंबईतली मुलं मे महिन्यात गावाला जातात. आम्ही उलटे, नांदेडहून देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला यायचो. माझं आजोळ नायगावच्या बीडीडी चाळीत. १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर अशा वीस खोल्या, तळमजला धरून चार मजले, म्हणजे एका इमारतीत ऐंशी संसार. उन्हाळ्यात अर्धे संसार रात्री गॅलरीतच झोपायचे. संडास सामायिक, आणि पाणी सकाळी ठरलेल्या वेळेत भरून ठेवायचं. नांदेडला आमचं घर याच्या तिप्पट होतं, तरी सुट्टीत कुठे जायचं हा प्रश्न आम्हा भावंडांना कधी पडला नाही. चाळीत खेळायला चाळीस मुलं असायची आणि संध्याकाळी चौपाटी.

या चाळींचा आणि समुद्राचा संबंध मला खूप नंतर कळला. गव्हर्नर लॉइडच्या काळात, १९२० मध्ये, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचं खातं निघालं. त्याच्याकडे दोन मोठी कामं होती: कामगारांसाठी चाळी बांधणं आणि बॅकबेचा समुद्र भरून जमीन काढणं. समुद्र भरण्याच्या कामात इतका पैसा बुडाला की के. एफ. नरिमन यांनी त्याची लक्तरं वेशीवर टांगली आणि लोक त्या प्रकाराला ‘लॉइडचा मूर्खपणा’ म्हणू लागले. चाळी मात्र उभ्या राहिल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी अशा चार ठिकाणी मिळून २०७ इमारती. खात्याचं नाव पुसलं गेलं आणि तीन अक्षरं तेवढी उरली. आमच्या चाळीतल्या निम्म्या लोकांना बीडीडी म्हणजे काय हे सांगता आलं नसतं, पण पत्ता सांगताना ती अक्षरं ठसक्यात यायची.

चौपाटीला आम्ही चालत जायचो. बसला पैसे लागतात हे एक कारण, आणि आबांना चालायचं असायचं हे दुसरं. आबा म्हणजे माझ्या आईचे वडील. गिरणीत कामाला होते. १९८२ चा संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा कधी उघडली नाही. पुढे एका इमारतीत वॉचमनची नोकरी केली. चाळीतून निघायचं, दादर टीटी, टिळक पूल, पुलाच्या पलीकडे प्लाझा, मग बाजारातली गर्दी, शिवाजी पार्क, आणि पार्काला वळसा घालून खाली. लहान मुलांच्या पावलांनी तास-सव्वा तास. वाटेत आबा रस्त्यांच्या पाट्या वाचायला लावायचे. मराठी वाचन सुधारावं म्हणून लावतात, असं मला वाटायचं.

त्या पाट्यांवर दादरचा केवढा तरी इतिहास आहे, आणि शिवाजी पार्कच्या आठवणींत तो क्वचितच येतो. पार्कला लागून केळुसकर रोड आहे. कृष्णराव अर्जुन केळुसकर विल्सन हायस्कुलात शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत, गिरगाव चौपाटीच्या जवळच, एक शाळकरी मुलगा रोज एकटा वाचत बसलेला त्यांना दिसायचा. त्यांनी विचारपूस केली आणि वाचायला पुस्तकं देऊ लागले. पुढे त्या मुलाच्या सत्काराच्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं, आणि नंतर उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्तीसाठी सयाजीराव गायकवाडांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. मुलाचं नाव भीमराव आंबेडकर. केळुसकरांनी शिवाजी महाराजांचंही मोठं चरित्र लिहिलं आहे, त्यामुळे त्यांच्या नावाचा रस्ता शिवाजी पार्कला टेकून जातो हे दोन्ही बाजूंनी बरोबर बसतं.

त्या सत्कार सभेचे अध्यक्ष होते सीताराम केशव बोले. पोर्तुगीज चर्चकडून सिद्धिविनायकाकडे जाताना लागतो तो एस. के. बोले रोड त्यांच्याच नावाचा. सिद्धिविनायकाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या लाखो लोकांनी ती पाटी पाहिली असेल. १९२३ मध्ये बोल्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मांडला आणि तो मंजूर झाला: सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. त्या ठरावाच्या आधारावर महाड नगरपालिकेने चवदार तळं कागदावर खुलं केलं, आणि कागदावरचं पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले.

१९२७ हे वर्ष दादरच्याही इतिहासात आहे. महापालिकेने १९२५ मध्ये लोकांसाठी खुल्या केलेल्या मैदानाचं नाव तेव्हा माहीम पार्क होतं. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने १९२७ मध्ये ते शिवाजी पार्क झालं. त्याच्या आदल्या वर्षी दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांनाही मूर्तीची पूजा करू द्या म्हणून वाद पेटला होता. त्यात प्रबोधनकार ठाकरे, बोले आणि आंबेडकर एका बाजूला होते. प्रबोधनकारांनी तो प्रसंग आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे. वस्ती नवी होती. १८९६ च्या प्लेगनंतर दाटीवाटीच्या शहराला मोकळं करायला १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याच्या शेतांवर, खाजणांवर रस्ते आखले. नव्या आखणीत हवा खेळती होती, फुटपाथ रुंद होते. कोण कुठे राहणार हे मात्र बरंचसं जुन्या हिशेबानेच ठरलं. त्याच ट्रस्टने परळला बांधलेल्या बीआयटी चाळीत बाबासाहेब १९१२ ते १९३४ अशी बावीस वर्षं राहिले. मग हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ झालं, म्हणजे पुस्तकांना घर मिळालं आणि त्यांच्यासोबत माणसांनाही.

हे सगळं आबा सांगायचे असं नाही. आबा फार कमी बोलायचे. पाटी वाचली की “हां, पुढं चल” एवढंच. बाकी मी नंतर वाचलं.

चौपाटीवर पोचलो की क्रम ठरलेला असायचा. आधी चैत्यभूमीत जायचं. चपला बाहेर, सांचीच्या तोरणासारखं दार, अशोकस्तंभ, आत गारवा. आजी वंदन म्हणायची, आम्ही तिच्या मागून पुटपुटायचो. मेमध्ये तिथे शांतता असते. डिसेंबरमध्ये ज्यांनी ही जागा फक्त बातम्यांत पाहिली आहे त्यांना ते खरं वाटणार नाही. दोन-चार माणसं भिंतीला टेकून बसलेली, लातूर-परभणीकडचं एखादं नवविवाहित जोडपं आणि वाऱ्याने विझणाऱ्या मेणबत्त्या. मग बाहेर यायचं आणि आजी म्हणायची, “जा आता, खेळा.” त्या दोन गोष्टींच्या मध्ये काही अंतर असतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. वंदन झालं की वाळू. पलीकडे स्मशान आहे, तिकडे जायचं नाही, हा एकच नियम.

आबा वाळूवर बसायचे ते समुद्राकडे पाठ करून. तोंड चैत्याकडे. हे मला फार विचित्र वाटायचं. सगळी चौपाटी पश्चिमेला तोंड करून बसलेली, आणि एकटे आबा पूर्वेला. गोळेवाल्याने एकदा त्यांना विचारलं, “बाबा, समुद्र तिकडं आहे.” आबा म्हणाले, “बघितलाय.”

त्यांनी तो खरंच बघितला होता, ७ डिसेंबर १९५६ ला. बारा वर्षांचे होते. बाबासाहेब ६ डिसेंबरला दिल्लीत गेले. पार्थिव विमानाने मुंबईला आणलं आणि राजगृहात दर्शनाला ठेवलं. राजगृह ते दादर चौपाटी हे अंतर पूल ओलांडला की फार नाही, पण अंत्ययात्रा सरळ आली नाही. गिरणी कामगारांच्या वस्त्यांमधून वळसा घेत, तासन्‌तास चालत ती समुद्रापाशी पोचली. आबा त्यांच्या वडिलांच्या खांद्यावर होते, पुढे उतरून चालले, मग पुन्हा खांद्यावर. चौपाटीवर आचार्य अत्र्यांचं भाषण झालं. बाबासाहेब १६ डिसेंबरला मुंबईत धम्मदीक्षेचा मोठा सोहळा करणार होते. नागपूरला दीक्षा होऊन दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. तो सोहळा आता त्यांच्याशिवाय होणार, मग तो आत्ताच, इथेच, त्यांच्यासमोर व्हावा असं ठरलं. दादासाहेब गायकवाडांनी तसं आवाहन केलं, भदंत आनंद कौसल्यायन यांनी दीक्षा दिली आणि लाखाच्या वर लोक चितेसमोर उभं राहून बौद्ध झाले. आबा त्यात होते. आमच्या घरातला पहिला बौद्ध माणूस बारा वर्षांचा होता आणि तो वाळूत उभा होता.

त्या संध्याकाळबद्दल आबा तीन गोष्टी सांगायचे, आणि त्याच तीन सांगायचे. एक, परतताना त्यांच्या एका पायात चप्पल नव्हती आणि वाळूत हजारो चपला पडल्या होत्या. दोन, त्यांच्या वडिलांना त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा रडताना पाहिलं. आणि तीन, समुद्र मागे सरकला होता. “लोकं मावेनात,” ते सांगायचे, “तर पाणी मागं गेलं. जागा करून दिली.”

तिसऱ्या गोष्टीवर आमचा मामा हसायचा. मामा तर्कवादी. त्याचं म्हणणं, बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा देऊन चमत्कार बंद केले आणि आपल्या घरात तुम्ही पहिल्याच दिवशी चमत्कार घुसवताय. आबा वाद घालायचे नाहीत. “गेलं होतं मागं,” एवढंच.

याचा निकाल बऱ्याच वर्षांनी लागला, तोही माहीमच्या कोळीणमावशींमुळे. आजी त्यांच्याकडून बोंबील घ्यायची. भरतीची वेळ कशी कळते असं मी विचारल्यावर त्यांनी जो हिशेब सांगितला तो कोकणात बहुतेकांना माहीत असतो, मराठवाड्यातल्या मुलीला मात्र तो मंत्रासारखा वाटला. तिथी घ्यायची, तीनने गुणायचं, चारने भागायचं. येईल तो भरतीचा तास. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. पुढे सहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो आणि भरती चंद्रामागे चालते, म्हणून हे जमतं. प्रत्यक्षात तासाभराचा फरक पडतो, पण कागद-पेन्सिल नसताना यापेक्षा सुटसुटीत अल्गोरिदम मी नोकरीतही पाहिला नाही.

नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षी, एका कंटाळवाण्या रविवारी, मी ७ डिसेंबर १९५६ ची तिथी काढली. २ डिसेंबरला अमावस्या होती, त्या दिवशी खंडग्रास सूर्यग्रहणही होतं, त्यामुळे तारखेबद्दल शंका नाही. म्हणजे ७ तारखेला मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, रात्रीकडे षष्ठी लागणारी. पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. तासभर इकडेतिकडे धरलं तरी भरती दुपारी चार-साडेचारला. अंत्ययात्रा चौपाटीवर येत होती तेव्हा पाणी वर चढलेलं होतं, किनारा अरुंद होता, लोक खरोखरच मावत नसणार. आणि अंधार पडत गेला तसं पाणी ओसरत गेलं. दीक्षा झाली, अग्नी दिला गेला तेव्हा समुद्र मागे जात होता आणि तासागणिक ओल्या वाळूचा पट्टा उघडा पडत होता. पश्चिमेला पंचमीची कोर असणार, समुद्राच्या वर.

मी हा हिशेब आबांना वहीच्या पानावर काढून दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो पाहिला, पान घडी घालून खिशात ठेवलं आणि मामाकडे बघून म्हणाले, “सांगितलं होतं.” मामा म्हणाला, “अहो आबा, तो रोजच मागं जातो!” त्यावर आबांचं उत्तर होतं, “मग? त्या दिवशीपण गेला.”

ती जागा पुढे पंधरा वर्षं कशी राहिली असेल याचा मी पुष्कळदा विचार करते. दर वर्षी माणसं यायची आणि वाळूवर माथा टेकून जायची. भय्यासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने, लोकांच्या वर्गणीतून स्तूप उभा राहिला, आणि ५ डिसेंबर १९७१ ला मीराताई आंबेडकरांच्या हस्ते तो खुला झाला. गिरणीतून पगार झाला की त्यातून काहीतरी बाजूला काढायचं, असं आजी सांगायची. पावती वगैरे काही शिल्लक नाही. शहराच्या किनाऱ्यावरचं एखादं ठिकाण सरकारी योजनेत नसताना, कुणा शेठजीची देणगी नसताना, नुसतं लोक येत राहिले म्हणून पक्कं झालं, याची उदाहरणं मुंबईत फार सापडणार नाहीत.

सुट्टीतला सगळ्यात मोठा दिवस बुद्धपौर्णिमेचा. ती बहुतेक मेमध्येच येते. चाळीत सकाळपासून खीर, पांढऱ्या साड्या, गॅलरीत पंचशील झेंड्यांच्या माळा. संध्याकाळी सगळी चाळ चौपाटीला निघायची आणि त्या दिवशी किनारा नेहमीपेक्षा रुंद असायचा. लहानपणी मला वाटायचं सणाचा दिवस म्हणून असं असतं. आता हिशेब येतो: पौर्णिमेची उधाणाची भरती दुपारी बारा-साडेबाराला, म्हणजे संध्याकाळी सहा-साडेसहाला ओहोटी, आणि तीही उधाणाची. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका पौर्णिमेमुळे आमच्या लगोरीला दुप्पट मैदान मिळायचं. ताडगोळे खाऊन चिकट झालेले हात आम्ही लांब जाऊन, पाण्यात धुवायचो. उत्तरेला सी-लिंकचे खांब दर सुट्टीत थोडे वर गेलेले दिसायचे. तो पूल ३० जून २००९ ला सुरू झाला, तेव्हा आमची शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते. याचा राग मला अजून आहे.

ही वाळूही जाते आहे. दादर-माहीमचा किनारा झिजतो आहे, आणि भरतीला आता बऱ्याच ठिकाणी लाटा थेट भिंतीवर येतात. माहीमच्या उपसागराला चारी बाजूंनी माणसाने हात लावला आहे. १८४५ चा माहीम-वांद्रे कॉजवे, मग वांद्र्याचा भराव, मग सी-लिंक. कुठल्या बांधकामामुळे किती वाळू गेली याचा वाद तज्ज्ञांनी घालावा. पण लहानपणी किनारा मोठा होता असं म्हणणाऱ्यांना नुसतं भावुक म्हणून उडवून लावता येणार नाही. चैत्यभूमीपाशी २०२२ मध्ये माता रमाबाईंच्या नावाने समुद्र बघायला डेक झाला आहे. संध्याकाळी तिथे रील करणारी पोरं असतात आणि त्यातली बरीच आधी चैत्यात जाऊन आलेली असतात. मला ते बघून बरं वाटतं. वंदन झालं की वाळू, तसं वंदन झालं की रील.

बीडीडी चाळी पाडून टॉवर होत आहेत. आजोळची खोली गेली. मामा-मामी सध्या लांब भाड्याच्या घरात राहतात आणि नव्या घराची चावी कधी मिळणार याच्या बातम्या एकमेकांना पाठवतात. आबा जाऊन पाच वर्षं झाली. मामा आता चौपाटीला गेला की चैत्याकडे तोंड करून बसतो, आणि हे त्याच्या लक्षात आलं आहे की नाही हे मी त्याला विचारलेलं नाही.

गेल्या बुद्धपौर्णिमेला मी पुण्याहून त्याला ॲपमधलं भरती-ओहोटीचं कोष्टक पाठवलं, म्हणजे लहान मुलांना घेऊन केव्हा निघायचं ते कळेल. त्याचं उत्तर लगेच आलं: “जय भीम. तीनने गुणून झालंय. साडेपाचला निघतोय.”